हलकी सायकल घ्यायची, पण हलकी कुठे?

मी तिसऱ्या मजल्यावर राहते आणि इमारतीला लिफ्ट नाही. ५४ पायऱ्या. खाली सायकल ठेवायला जागा नाही, त्यामुळे सकाळी सायकल खांद्यावर घेऊन खाली आणि संध्याकाळी तशीच वर. आधीची सायकल १५.४ किलोंची होती. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ती भिंतीला टेकवून दम खायचा, हे इतकं अंगवळणी पडलं होतं की तिथल्या रंगावर टायरची काळी रेघ उमटली.

ती सायकल देऊन टाकण्याआधी एका सुट्टीच्या दिवशी मी ती पूर्ण सुटी केली आणि एकेक भाग काट्यावर ठेवला. नुसती फ्रेम २.४ किलो. पुढचा स्प्रिंगवाला फोर्क, म्हणजे शॉकअपचा चिमटा, २.६ किलो. फ्रेमपेक्षा जड! दोन्ही चाकं टायर, ट्यूब आणि फ्रीव्हीलसकट (मागच्या दातेरी चक्र्यांचा संच) ५.६ किलो. क्रँक (पेडलच्या दांड्या आणि पुढच्या चक्र्या) १.३, सीट आणि तिची दांडी मिळून १. उरलेल्या अडीच किलोंत हँडल, ब्रेक, गिअर, चेन, पेडल आणि स्टँड. हे आकडे लिहिलेला कागद मी जपून ठेवलाय, कारण नवी सायकल मी त्याच कागदावरून निवडली. सायकल घेताना बोलणं फ्रेमचं होतं आणि वजन दडलेलं असतं चाकांत आणि चिमट्यात.

म्हणून कोणी मला विचारलं की शहरात रोज चालवायला आणि अधूनमधून कच्च्या रस्त्यावर न्यायला हलकी सायकल कोणती घेऊ, तर मी आधी उलट विचारते: वजन तुम्हाला नेमकं कुठे जाणवतं? जिने चढताना, चढावर, की सिग्नलला थांबून पुन्हा निघताना? सपाट रस्त्यावर एकदा वेग धरला की दोन-तीन किलोंनी फारसा फरक पडत नाही. वेग विशीच्या पुढे गेला की खरा विरोध हवेचा असतो. चढावर फरक पडतो, पण तोही मोजून बघा. तुम्ही आणि सायकल मिळून ८० किलो असाल आणि सायकल दोन किलोंनी हलकी घेतली, तर एकूण ओझं अडीच टक्क्यांनी घटलं. दहा मिनिटांच्या चढावर साधारण १५ सेकंद वाचतील. खांद्यावरून जिना चढताना मात्र तेच दोन किलो पूर्णच्या पूर्ण कमी झालेले असतात. माझ्यासाठी हे गणित महत्त्वाचं होतं. तुमचं वेगळं असू शकेल.

दुसरं, एक आठवडा आपण कुठून कुठे जातो ते लिहून काढा. मी काढलं तेव्हा कळलं की माझ्या रोजच्या २२ किलोमीटरांपैकी जेमतेम ६ किलोमीटर कच्चे आहेत: थोडी घट्ट माती, थोडी खडी, एका ठिकाणी झाडांची मुळं. बाकी सगळं डांबर, गतिरोधक आणि खड्डे. मनात मात्र मी स्वतःला डोंगरातून सायकल हाणताना बघत होते, आणि आधीची सायकल त्या चित्रासाठी घेतली होती. कच्चा भाग पाव-तिसरा हिस्सा असेल तर माउंटन बाइक लागत नाही. रुंद टायर बसणारी हायब्रिड (सरळ हँडलची, रोड बाइक आणि माउंटन बाइकच्या मधली) किंवा सरळ ग्रॅव्हल बाइक (खाली वळलेल्या हँडलची, पण रुंद टायरची) पुरते. मोठमोठे दगड, उड्या, तीव्र उतार हे तुमचं नेहमीचं असेल तर मात्र पुढचं सगळं बाजूला ठेवा. त्या कामाची सायकल निराळी आणि ती जडच असते.

आता किती वजनाला हलकं म्हणायचं? साध्या चिमट्याची चांगली ॲल्युमिनियम हायब्रिड १० ते १२ किलोंत बसते, ग्रॅव्हल बाइक ९ ते ११ मध्ये. स्प्रिंगचा फोर्क आला की काटा १३ ते १५ कडे सरकतो. सायकल शर्यतींची जागतिक संघटना यूसीआय हिने शर्यतीच्या सायकलला ६.८ किलोंची किमान मर्यादा घातलेली आहे. म्हणजे निव्वळ वेगासाठी बनवलेली सायकलही त्यांच्या शर्यतीत त्याखाली जाऊ शकत नाही. रोजच्या वापराची, मडगार्ड-दिव्यासकट ११ किलोंची सायकल ही उत्तम हलकी सायकल आहे.

छापील वजनावर विसंबू नका. ते बहुतेक वेळा पेडल न लावता आणि लहान किंवा मधल्या मापाच्या फ्रेमचं असतं. घरचा वजनकाटा दुकानात नेता येत नसेल तर बॅग मोजायचा हातात धरायचा काटा खिशात टाका. त्याचा हुक सीटखाली अडकवायचा, सायकल अधांतरी उचलायची आणि आकडा स्थिरावू द्यायचा. मी असंच केलं. एका सायकलीचं छापील वजन १०.८ होतं, काट्यावर पेडलसकट ११.७ भरली. दुकानदार भला माणूस होता, त्यालाही ते नवीन होतं.

फ्रेमचं थोडक्यात सांगते. ॲल्युमिनियमची घनता पोलादाच्या साधारण एक तृतीयांश, पण ते तितकं ताठ नसतं, म्हणून त्याच्या नळ्या जाड व्यासाच्या करतात. ६०६१ किंवा ७००५ असे आकडे दिसले की ते मिश्रधातूचे प्रकार. दोन्ही चांगले, त्यात वेळ घालवू नका. ‘डबल बटेड’ किंवा ‘ट्रिपल बटेड’ लिहिलंय का ते मात्र बघा. म्हणजे नळी टोकांना, जोडाजवळ, जाड आणि मध्ये पातळ असते; ताकद न घालवता वजन तिथेच वाचतं. पोलादात क्रोमोली (क्रोमियम-मॉलिब्डेनम मिसळलेलं पोलाद) असेल तर विचार करा: किलोभर जड, पण टिकाऊ आणि खडीवर अंगाला सुखद. साधं हाय-टेन्साइल पोलाद हलक्या सायकलीत बसत नाही. कार्बन सर्वांत हलका, पण माझी सायकल रोज जिन्याच्या कठड्याला घासते, सायकल स्टँडमध्ये दुसऱ्या सायकली तिच्यावर कलंडतात. कार्बनला एका जागी बसलेला जोराचा ठोका आतून चिरवू शकतो आणि वरून दिसत नाही. म्हणून फ्रेम ॲल्युमिनियमची आणि फक्त पुढचा चिमटा कार्बनचा, हा मला सर्वांत शहाणपणाचा जोड वाटतो.

आणि चिमट्याबद्दल मी कळकळीने सांगते: स्वस्तातला स्प्रिंगचा फोर्क घेऊ नका. दुकानात तो दाबून दाखवतात, खालीवर होतो, छान वाटतं. रस्त्यावर काय होतं ते मी चार वर्षं अनुभवलंय. उभं राहून पेडल मारलं की तुमचा जोर आधी त्या स्प्रिंगमध्ये जिरतो, सायकल पुढे जायच्या आधी नाक खाली घालते. बारीक खडीवर, जिथे त्याने काम करायला हवं, तिथे तो जागचा हलत नाही, कारण आतलं घर्षणच जास्त. दोन वर्षांत माझ्या फोर्कच्या चकचकीत नळ्यांवर गंजाचे ठिपके आले, धूळ आत गेली आणि तो अर्ध्यावर अडकून बसला. दुरुस्ती करणाऱ्याने उघडून पाहिला, आतली प्लॅस्टिकची बुशिंग झिजून गेली होती आणि सुटे भाग मिळत नव्हते. हवेच्या दाबावर चालणारा चांगला फोर्क यापेक्षा फार वेगळा असतो, दीड-पावणेदोन किलोंत बसतो, पण तो महाग असतो आणि त्याला ठरावीक काळाने सर्व्हिसिंग लागतं. साधा ॲल्युमिनियमचा चिमटा किलोभर, कार्बनचा अर्ध्या किलोच्या आसपास. जुन्या सायकलीला साधा चिमटा बसवून हलकं करायचा विचार असेल तर एक काळजी घ्या: नवा चिमटा एक्सलपासून डोक्यापर्यंत जवळजवळ तितक्याच लांबीचा हवा, नाहीतर सायकलचं पुढचं टोक खाली झुकतं आणि हँडल बिथरल्यासारखं वळायला लागतं.

मग धक्के कोण झेलणार? टायर. टायर हीच तुमची पहिली स्प्रिंग आहे. डनलॉपने १८८८ मध्ये हवेचा टायर आणला तो मुळात धक्क्यांसाठीच, आणि तो उपाय अजून जुना झालेला नाही.

टायरच्या बाजूला दोन आकडे उमटवलेले असतात, उदाहरणार्थ ३८-६२२. पहिला रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा रिमवर टायर बसतो त्या कडेचा व्यास. ७०० सी म्हणतात ते ६२२, आणि माउंटन बाइकचं २९ इंची चाकही तेच ६२२! २७.५ इंची म्हणजे ५८४, २६ इंची म्हणजे ५५९. इंचांच्या नावांनी गोंधळ होतो, या आकड्यांनी कधीच होत नाही. टायर किंवा ट्यूब घेताना हेच सांगा.

शहर आणि कच्चा रस्ता दोन्हींसाठी माझ्या मते ३५ ते ४० मिलिमीटर रुंदी योग्य. २८ चे टायर डांबरावर झकास पळतात, पण सुट्या खडीत चाक रुतत जातं आणि खड्ड्याच्या काठावर ट्यूब रिमखाली चिमटून दोन भोकांचं पंक्चर होतं. ५० चे टायर कशावरूनही जातात, पण जड. नक्षी बघताना मधला पट्टा गुळगुळीत किंवा बारीक नक्षीचा आणि कडेला छोटे दाते, असा टायर निवडा. मोठ्या ठोकळ्यांचा टायर डांबरावर घूंऽऽ आवाज करत तुमचा जोर खात राहतो.

टायर जिथे बसतो तिथे वजन वाचवणं सर्वांत फायद्याचं, कारण रिमच्या कडेचं वजन पुढेही न्यायचं असतं आणि फिरवायचंही असतं. वेग घेताना तिथले १०० ग्रॅम फ्रेमवरच्या २०० ग्रॅमसारखे जाणवतात. माझे जुने टायर तारेच्या कडेचे, प्रत्येकी ७८० ग्रॅम, ट्यूब २०० ग्रॅमची. नवे घडी होणारे, म्हणजे कडेला तारेऐवजी केव्हलारचा धागा असलेले, ४३० ग्रॅम, आणि ट्यूब १५० ची. दोन चाकांत मिळून ८०० ग्रॅम गेले. माझ्या वाटेवर सिग्नल १४ आहेत. पहिल्याच दिवशी निघताना पायाला फरक कळला. कोणाला आहे तीच सायकल हलकी करायची असेल तर खर्च आधी इथे करावा.

टायरच्या आसपास मोकळी जागाही मोजा. चिमट्याच्या दोन्ही बाजूंना आणि मागे, जिथे फ्रेमच्या नळ्या चाकाजवळून जातात, तिथे करंगळीचं टोक जावं. चिखलाच्या एका गोळ्याने चाक अडकू नये आणि पुढे मडगार्ड लावता यावेत म्हणून ही जागा. चिमटा किती रुंद टायर घेतो, हे दुकानात विचारूनच ठेवा.

हवेचं गणित बहुतेक जण चुकवतात. टायरवर छापलेला जास्तीत जास्त दाब ही मर्यादा आहे, सल्ला नव्हे. माझं वजन ६२ किलो. ३८ च्या टायरला मी मागे ४५ आणि पुढे ४० पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) ठेवते. पूर्वी मी दगडासारखा घट्ट टायर म्हणजे वेगवान टायर समजायचे. एकदा त्याच कच्च्या वाटेवर आधी ६५ ठेवून गेले आणि नंतर ४२ ठेवून. ६५ ला सायकल दगडादगडावरून उडत होती, हँडल धरून मनगटं दुखली, दातावर दात आपटले. ४२ ला टायर खडीवर पसरून बसत होता आणि मी वळणावर ब्रेक न दाबता गेले. वजन जास्त असेल तर दाब थोडा वाढवा, पण सुरुवात कमीकडून करा. रिम खड्ड्याच्या कडेला लागल्याचा खट् आवाज आला की दोन-तीन पीएसआय वाढवायचे.

चाकांत आरे किती, हेही मोजा. २४ आऱ्यांची चाकं हलकी असतात, पण एक आरा तुटला की चाकाला इतका आउट येतो (म्हणजे ते फिरताना डावी-उजवीकडे डगमगतं) की ते फ्रेमला घासून फिरेनासं होऊ शकतं. ३२ असतील तर एक तुटूनही तुम्ही घरी पोहोचता. मिश्र रस्त्यावर २८ किंवा ३२ घ्या, इथे ग्रॅम वाचवू नका. मागच्या हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या भागावर, चक्र्यांचा संच खाचांवर सरकवून बसवलेला आहे (फ्रीहब आणि कॅसेट) की आटे पिळून (फ्रीव्हील), हे विचारा. फ्रीव्हीलच्या हबमध्ये उजवं बेअरिंग एक्सलच्या टोकापासून बरंच आत असतं, त्यामुळे खड्ड्यांत एक्सल वाकते. माझी दोनदा वाकली. सात गिअरच्या सायकली बहुधा फ्रीव्हीलच्या. मागे आठ किंवा जास्त गिअर असले तर कॅसेट असायची शक्यता जास्त, तरी खात्री करा.

गिअर किती, यापेक्षा सर्वांत हलका गिअर किती हलका हे बघा. पुढच्या लहान चक्रीचे दाते भागिले मागच्या मोठ्या चक्रीचे दाते. उत्तर १ पेक्षा कमी यायला हवं. पुढे ३० आणि मागे ३४ असेल तर ०.८८, एका पेडलफेऱ्यात सायकल सुमारे १.९ मीटर जाते आणि सामान घेऊनही चढ निघतो. पुढे एकच चक्री, ४० दात्यांची, आणि मागे ११ ते ४२ असेल तर ०.९५, तेही चालेल. माझ्याकडे हा दुसरा प्रकार आहे. पुढचा डिरेलर (चेन एका चक्रीवरून दुसरीवर सरकवणारा भाग), त्याची केबल, एक चक्री, सगळं कमी झालं, वजनही आणि कटकटही. सर्वांत जड गिअरवर मिनिटाला ८० फेऱ्या मारल्या तर वेग ताशी ३८ होतो, शहरात मला त्याहून जास्त कधीच लागला नाही. दोन गिअरांमधलं अंतर मात्र थोडं मोठं वाटतं. सपाटीवर तासन्‌तास एका लयीत चालवणाऱ्याला ते खटकेल. त्यांनी पुढे दोन चक्र्या घ्याव्यात. तीन कशासाठीही नकोत.

ब्रेक डिस्कचे घ्या, जमलं तर हायड्रॉलिक, म्हणजे केबलऐवजी द्रवाच्या दाबावर चालणारे. रिमवरचे ब्रेक काही शे ग्रॅम हलके असतात हे खरं, पण ओल्या मातीत ब्रेकच्या रबरात वाळू रुतते आणि ती रिम खरवडत राहते. डिस्कचे ब्रेक नवे असताना वेगातून जवळजवळ थांबेपर्यंत पंधरा-वीस वेळा दाबून ते जुळवून घ्यावे लागतात, तोवर धार येत नाही. आणि डिस्कच्या आसपास कधीही तेलाचा स्प्रे मारू नका.

मापाला दोन तास द्या. हलकी पण चुकीच्या मापाची सायकल योग्य मापाच्या जड सायकलीपेक्षा जास्त थकवते. भिंतीला पाठ लावून, अनवाणी, एक पुस्तक मांड्यांमध्ये घट्ट वर सरकवून त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजा. माझं ७६ सेंटिमीटर भरलं. याला ०.८८३ ने गुणलं की क्रँकच्या मध्यापासून सीटच्या वरपर्यंतचं अंतर येतं, माझं ६७. हा आकडा सुरुवातीचा. तिथून पाच-दहा मिलिमीटर इकडेतिकडे करून गुडघे काय म्हणतात ते ऐका. फ्रेमची वरची नळी दोन पायांत घेऊन उभं राहिल्यावर किमान तीन-चार सेंटिमीटर अंतर हवं, कच्च्या रस्त्यावर अचानक पाय टेकावा लागतो.

स्मॉल, मीडियम या अक्षरांना अर्थ नाही. मी पाहिलेल्या दोन ‘स्मॉल’ सायकलींचा रीच, म्हणजे क्रँकच्या मध्यापासून हँडलच्या नळीपर्यंतचं आडवं अंतर, एकीचा ३७० आणि दुसरीचा ३९२ मिलिमीटर होता. दुसरीवर माझे कोपर ताठ राहत होते आणि अर्ध्या तासात मानेत कळ आली. हँडलवर हात ठेवल्यावर कोपर सहज वाकलेले राहिले पाहिजेत, बोटं हलवता आली पाहिजेत. उंची कमी असणाऱ्यांनी आणखी एक बघावं: पेडल आडवं ठेवून हँडल पूर्ण वळवायचं, बुटाचं टोक पुढच्या चाकाला लागतं का? मडगार्ड लावल्यावर ते आणखी जवळ येतं. गर्दीत हळू वळताना तो स्पर्श पाडू शकतो.

फ्रेमवर मडगार्ड आणि कॅरिअरसाठी आट्याची भोकं आहेत की नाहीत ते मी पेडलच्या आधी बघते. ती नसली तर सगळं ओझं पाठीवर येतं, आणि पाठीवरच्या पाच किलोंपुढे फ्रेमवर वाचवलेले तीनशे ग्रॅम कुठेच लागत नाहीत. क्रँकचं बेअरिंग फ्रेममध्ये आटे पिळून बसवलेलं असेल तर उत्तम. दाबून बसवलेलं पुढे कुरकुरायला लागू शकतं.

दुकानात सायकल निवडत आली की ती खांद्यावर घ्या. खरंच घ्या, दहा पावलं चाला. वरच्या नळीखालची जागा बाटलीच्या होल्डरने अडलेली नसेल, केबल खांद्यात रुतत नसतील आणि सायकल मागे-पुढे कलत नसेल, तर अकरा किलो सुसह्य असतात. मग चालवायला मागा, आणि फाटकापर्यंत जाऊन परत येऊ नका. वीस मिनिटं, चढासकट. चढावर सर्वांत हलका गिअर टाका, चेन उडी मारते का बघा. गतिरोधकावरून बसूनच जा. रिकाम्या रस्त्यावर थोडा वेग घेऊन दोन्ही ब्रेक दाबा. उतरल्यावर पुढचं चाक उचलून फिरवा आणि ब्रेकपाशी डोळा लावा: डावीकडे-उजवीकडे आउट दिसतोय का, घासल्याचा आवाज येतोय का. शेवटी आऱ्यांच्या जोड्या अंगठा आणि बोटात दाबून बघा, पुढच्या चाकाच्या एका बाजूच्या सगळ्या जवळजवळ सारख्याच ताणलेल्या लागायला हव्यात; डिस्क ब्रेक असेल तर डिस्कच्या बाजूच्या थोड्या जास्त घट्ट असतात. मागच्या चाकाच्या उजव्या बाजूचे डाव्यापेक्षा घट्ट असतात, ते तसेच असायचे.

माझी सायकल अखेर मडगार्ड, पेडल आणि घंटीसकट ११.१ किलो भरली. पहिल्या महिन्यातच गिअर अर्धवट पडायला लागले, आणि सायकल बिघडली असं समजून मी घाबरले होते. ते होतंच. नव्या केबलचं आवरण दबून बसतं, केबल सैल पडते. मागच्या डिरेलरजवळचा छोटा गोल नट अर्धा फेरा बाहेरच्या बाजूला फिरवला की गिअर जागेवर येतात. त्याच वेळी आरे पुन्हा एकदा तपासून घ्या, आउट काढून घ्या आणि हँडल, सीटची दांडी, क्रँक यांचे बोल्ट पान्याने बघा. माझ्या मागच्या चाकात तेव्हा दोन आरे ढिले निघाले.